पेरू, पेरल आणि मंद आच

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या अत्तींचे खालचे उरलेसुरले सात दात एका आठवड्यात काढावे लागले. वरचे आधीच गेले होते. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसवता येणार नाही आणि त्याला दोन-तीन महिने तरी लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. रिक्षातून घरी येताना गणपत गल्लीच्या तोंडाशी पेरूची हातगाडी दिसली. अत्तींनी तोंडाला लावलेला पदर जरा बाजूला केला, गाडीकडे बघितले आणि म्हणाल्या, "पेरल हण्णु मुगीतु." पेरू संपले. बस्स, एवढेच.

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. मी शहापूरच्या मराठी घरातली, त्या गोकाककडच्या कन्नड घरातल्या. त्या कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत उत्तर देते. माझ्या मुलांना एका वाक्यात दोन्ही भाषा वापरताना काही वावगे वाटत नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत असेच चालते, तेव्हा ते वाचकांना वेगळे सांगायला नको. कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे सासूही आणि वडिलांची बहीणही. आपल्या मराठीतल्या 'आत्या'चे नाते याच शब्दाशी. त्यामुळे लग्न झाल्यावर सासूला काय म्हणायचे, हा प्रश्न मला पडलाच नाही. उत्तर कर्नाटकातल्या बोलीप्रमाणे अत्ती म्हटले की सासूही झाली आणि आत्याही.

या अत्तींचे आणि पेरूचे नाते माझ्या लग्नापेक्षा कितीतरी जुने. त्यांच्या माहेरी घरामागच्या हित्तलात, म्हणजे आपल्या परसात, पेरूचे झाड होते. शाळेतून आल्यावर झाडावर चढायचे, फांदीवरच बसून खायचे आणि तिखट-मिठाची पुडी परकराच्या ओच्यात ठेवायची. वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत त्यांनी पेरू कधी सुरीने कापलेला मी बघितला नाही. निवडायच्याही त्या हाताने नव्हे, नाकाने. गाडीवाल्याला सांगायच्या, दाबून बघू नको, डाग पडतात, वास घे.

पंगतीतून उठलेल्या अत्ती

दात गेल्यावर पहिले काही दिवस पेज, मऊ भात, ज्वारीचा नुच्चु असे चालले. मग मी उत्साहाने एकेक पदार्थ कालवून, कुस्करून द्यायला लागले. पोळी दुधात, भाजी भातात. एके दिवशी केळ्याचे शिकरण अगदी गुळगुळीत घोटून पुढे ठेवले, तर त्यांनी वाटी सरकवली आणि म्हणाल्या, "ना एन् कूस?" मी काय तान्हे बाळ आहे?

त्यांचे चुकत नव्हते. खाण्यात मऊपणा आला होता, पण ते खाणे बघायला नको वाटावे असे झाले होते. सगळे एका रंगाचे, एका चवीचे. आम्ही ताटात चार पदार्थ घेऊन बसायचो आणि त्यांच्यापुढे एक वाडगा. आठवडाभरात त्यांनी आमच्याबरोबर जेवायला बसणे बंद केले. "मला भूक लागली होती, मी आधीच घेतले," असे सांगून साडेसातलाच स्वयंपाकघरात एकट्या काहीतरी खाऊन घ्यायच्या. वजन उतरत होते, पण त्यापेक्षा मला लागले ते त्यांचे उठून जाणे. २० वर्षे आमच्या टेबलाच्या ज्या बाजूला त्या बसत आल्या, तिथली खुर्ची रिकामी असायची आणि ती रिकामी का आहे, हे कोणी बोलायचे नाही.

म्हटले, निदान पेरू तरी परत आणू.

पहिला प्रयत्न कुकरमध्ये. दोन शिट्ट्या केल्या आणि झाकण उघडले तर बियांचा लगदा. हिरड्यांना पेरूच्या बियांसारखा शत्रू नाही, त्यामुळे ते सगळे गाळून फेकावे लागले. दुसरा प्रयत्न मोरांब्याच्या वळणाने. एकतारी पाक केला, त्यात पेरूच्या फोडी टाकल्या, रटरट उकळल्या. फोडी आक्रसून चामड्यासारख्या चिवट झाल्या. दात असलेल्या आम्हालाही त्या चावेनात. 'हे' म्हणाले, "कॉलेजात मराठी शिकवतेस तेवढे बरे आहे."

कँपातला धडा

कँपात आमच्या एक निवृत्त सहकारी राहतात. इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्या घरी नाताळच्या दिवसांत स्ट्यू केलेले पेरू कस्टर्डबरोबर मिळायचे, हे मला एकदम आठवले. छावणीच्या गावांतून, अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतून हा पदार्थ जुना आहे. फोन केला, सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तू त्याला उकळलेस गं. त्याला उकळायचे नसते. उद्या चार पेरू घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून मी जे शिकले, ते एका वाक्यात सांगायचे तर असे : पाणी गरम हवे, पण शांत हवे. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसावेत, वर पाण्याला नुसती शिरशिरी यावी, एकही मोठा बुडबुडा फुटू नये. फ्रेंच स्वयंपाकी अशा पाण्याला थरथरणारे पाणीच म्हणतात. या रीतीने शिजवण्याला 'पोच' करणे म्हणतात. हा शब्द आपल्याला अंड्यामुळे माहीत आहे. मूळ फ्रेंच शब्द पिशवी किंवा खिसा या अर्थाचा. बलकाभोवती पांढऱ्याची पिशवी होते म्हणून तो अंड्याला लागला आणि पुढे मासा, फळे अशा सगळ्याच नाजूक जिनसांना लागू झाला.

युरोपात या रीतीचे लाडके फळ म्हणजे पेअर, आपल्या नासपतीचे भावंड. थंडीत टणक पेअर सोलून, लाल वाइनमध्ये किंवा साखरपाण्यात दालचिनी-लवंग घालून हलके शिजवतात. पॅरिसमध्ये १८६४ साली ऑफेनबाखची 'ला बेल एलेन' ही संगीतिका गाजली, तिच्या नावावरून पोच केलेले पेअर, व्हॅनिला आइस्क्रीम आणि गरम चॉकलेट असा पदार्थ आजही तिकडे खातात. पीच मेल्बा तर नेली मेल्बा या गायिकेसाठी एस्कॉफिए या नामांकित आचाऱ्याने लंडनमध्ये केला, तोही पोच केलेल्या पीचचाच. नावे मोठी, पण मुळात काम एवढेच : एक फळ, थोडी साखर, पाणी आणि मंद आच.

पेअरचा पेरू

आणि इथे माझ्यातली भाषेची शिक्षिका जागी झाली. पेरू हे नाव पेरू देशावरून आले असे आपण समजतो. भाषेचे अभ्यासक मात्र ते पोर्तुगीज 'पेरा'वरून आल्याचे मानतात आणि पेरा म्हणजे पेअर! पेरू हे फळ मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. ते भारतात आणले पोर्तुगीजांनी. पोर्तुगीजांना, किंवा त्यांच्याकडून ऐकणाऱ्या आपल्या लोकांना, ते पेअरसारखे दिसले असणार. कोकणीत ते पेर झाले, मराठीत पेरू, आपल्या बाजूच्या कन्नडमध्ये पेरल. बेंगळुरू-म्हैसूरकडे गेलात तर मात्र सीबे हण्णु म्हणावे लागते. गोव्यात याच फळाच्या घट्ट वड्या करतात, त्यांचे नावही पेराद.

कुळाने पाहिले तर दोघांचा संबंध नाही. पेअर गुलाबाच्या कुळातले, पेरू जांभळाच्या आणि लवंगेच्या. पण एक खूण दोघांतही आहे. पेरू खाताना गरात जी बारीक कचकच लागते, तशीच पेअरमध्येही लागते. दोन्ही फळांच्या गरात अगदी लहान, टणक पेशींचे पुंजके असतात. म्हणजे ज्या रीतीने पेअर शिजतो, त्या रीतीने पेरू शिजवायला हरकत नव्हती. आणि लवंग पेरूच्याच कुळातली असल्यामुळे की काय कोण जाणे, ती त्यात फार छान मिसळते.

आता कृती

सहा माणसांसाठी हे प्रमाण मी आता पक्के केले आहे.

साहित्य : मध्यम आकाराचे सहा पेरू, साखर २५० ग्रॅम, पाणी एक लिटर, एक लिंबू, चार लवंगा, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, चिमूटभर मीठ. वरून घालायला घरच्या दुधाची जाड साय.

पेरू निवडण्यात निम्मे यश आहे. हिरवाकच्च नको आणि पिवळाधमक मऊही नको. हिरवा रंग फिका पडून पिवळसर व्हायला लागला आहे, वास येतो आहे, पण अंगठ्याने दाबल्यावर दबत नाही, असा पेरू घ्यावा. बाजारात मिळणारा 'सरदार', म्हणजेच 'लखनौ ४९', या कामाला चांगला. नाव लखनौचे असले तरी हा वाण पुण्याच्या गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात निवडलेला आहे. आतून गुलाबी असणारे पेरू मिळाले तर पाकाला रंग सुरेख येतो.

पेरू धुऊन साल अगदी पातळ काढावी. उभे दोन भाग करावेत आणि चमच्याने मधला बियांचा गाभा कोरून काढावा. वाटीसारखा आकार राहिला पाहिजे. सोललेले पेरू थोडे लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवावेत, म्हणजे काळे पडत नाहीत. बियांचा गाभा टाकू नये. तो कपभर पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळणीतून गाळून घ्यावा. त्या पाण्यात पेरूचा खरा वास उतरतो.

पसरट पातेल्यात पाणी, साखर, लवंगा, दालचिनी, मीठ आणि लिंबाच्या सालीचे दोन पातळ काप घालून साखर विरघळवून घ्यावी. एक उकळी आली की आच अगदी मंद करावी आणि मग पेरूच्या वाट्या त्यात सोडाव्यात. पेरू तरंगतात, आणि वर आलेला भाग कच्चा राहतो. म्हणून बटर पेपरचा पातेल्याच्या आकाराचा गोल कापून, मधे छोटे भोक पाडून तो थेट पाकावर झाकावा. बटर पेपर नसेल तर पातेल्यात आत बसेल अशी हलकी ताटली चालते.

आता हात मागे घ्यायचा. ढवळायचे नाही, आच वाढवायची नाही. बारा मिनिटांनी सुरीचे टोक टोचून बघावे. पेरूच्या जातीप्रमाणे बारा ते वीस मिनिटे लागतात. सुरी अडखळत नाही, पण फोड मोडतही नाही, त्या वेळी गॅस बंद करावा. पेरू पाकातच गार होऊ द्यावेत, तेवढ्या उष्णतेवर ते आणखी थोडे मऊ होतात आणि पाकही आत मुरतो.

गार झाल्यावर वाट्या अलगद काढून घ्याव्यात. पाकात बियांचे गाळलेले पाणी घालून मोठ्या आचेवर दोन-अडीच वाट्या उरेपर्यंत आटवावा. इथे सावध राहायचे. पेरूत पेक्टिन भरपूर असते, पाक जास्त आटला तर गार झाल्यावर जेलीसारखा थिजतो. चमच्यावरून संथ धारेने पडेल इतपत पुरे, सुधारसापेक्षा जरा पातळच. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस घालावा, पाक गार झाला की पेरूवर ओतावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी चव दुप्पट लागते.

माझे आधी काय चुकले होते?

आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला स्टाफरूममध्ये विचारले, तर त्याने फळ्याशिवायच तास घेतला. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. उष्णतेने ते पेक्टिन हळूहळू सैल होते आणि फळ मऊ पडते. आच मंद असली तर फोड बाहेरून आतपर्यंत सारखी मऊ होते. खळखळ उकळी असली तर आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा झडून जातो. कुकरात माझे तेच झाले.

मोरांब्याच्या वेळी उलटी चूक होती. घट्ट पाक फळातले पाणी ओढून घेतो, म्हणून फोड आक्रसते. शिवाय साखर आणि आंबटपणा दोन्ही फळाला लवकर मऊ होऊ देत नाहीत. म्हणून सुरुवातीचा पाक पातळ, पाण्याच्या पाव भाग साखरेचा, आणि लिंबाचा रस सगळ्यात शेवटी. पेरू जरा जास्तच टणक निघाले तर पहिली पाच-सात मिनिटे नुसत्या पाण्यात शिजवून मग साखर घालावी.

आणखी एक. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या कितीतरी पट. शिजवल्यावर त्यातले काही नष्ट होते आणि काही पाकात उतरते. म्हणून वाटीतला पाक सोडू नये. साखर अर्थातच आहे. मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि पाक बेतानेच घ्यावा.

रविवारचे जेवण

त्या रविवारी शहापूरहून माझी आई आणि भाऊ जेवायला यायचे होते. अत्ती सकाळीच म्हणाल्या, की मी आधी जेवून घेते. विहीणबाईंसमोर बिनदाताच्या तोंडाने बसायचे त्यांना नको होते. मी काही बोलले नाही. भात मऊ केला, वांग्याचे भरीत केले, कट्टाच्या आमटीऐवजी साधे वरण ठेवले, पण सगळ्यांनाच तेच. आईने त्यांना हाताला धरून आणून शेजारी बसवले. अत्ती मान खाली घालून जेवत होत्या.

गोडाला मी फ्रीजमधून काचेचे बाऊल काढले. प्रत्येकात पेरूच्या दोन वाट्या, त्यांच्याभोवती फिका गुलाबी पाक, वर एक चमचा साय. कुंद्याच्या गावात पाहुण्यांना कुंदा न देता हे काय, म्हणून भावाने भुवया उंचावल्या. मी सगळ्यांसमोर एकेक ठेवत गेले आणि अत्तींसमोरही तसाच ठेवला. त्यांनी आधी स्वतःच्या बाऊलकडे पाहिले, मग आईच्या, मग मुलांच्या. सगळ्यांचे सारखे होते. वेगळे काही नव्हते, कुस्करलेले काही नव्हते. अख्खा पेरू होता, ओळखू येणारा. त्यांनी बाऊल उचलून आधी वास घेतला.

मग चमच्याच्या कडेने एक तुकडा तोडला. तो सहज तुटला. तोंडात घेऊन त्या थोडा वेळ गप्प बसल्या. आम्ही सगळे उगाचच आपापल्या बाऊलकडे बघत होतो. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारले, "उप्पु हाकिल्लेन?"

मीठ घातले नाहीस का? घातले होते, चिमूटभर. पण फांदीवर बसून पेरू खाल्लेल्या माणसाला तेवढे कसे पुरावे? त्या स्वतः उठल्या, मिसळणाचा डबा आणला आणि पेरूवर बोटांनी मीठ आणि लाल तिखट भुरभुरले. माझी आई म्हणाली, "माझ्यावरही घाला की." दोघी विहिणींनी साय, पाक, मीठ आणि तिखट असे सगळे एकत्र मिटक्या मारत खाल्ले. फ्रान्समधल्या आचाऱ्यांना ते बघवले नसते. आम्ही करून पाहिले. खरे सांगते, चांगले लागते.

बाऊल रिकामा झाल्यावर अत्तींनी तो माझ्यापुढे केला. "इन्नोंद हाक." आणखी एक वाढ.

त्या रात्री साडेआठला ताटे मांडली तेव्हा त्या आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. जेवण मऊच होते, पण त्यानंतर मी एक नियम केला. अत्तींसाठी वेगळे काही करायचे नाही. जे त्यांना चालेल ते सगळ्यांसाठी करायचे आणि ते बघायलाही चांगले असले पाहिजे.

इतर फळे

हीच रीत इतर फळांनाही लागू आहे. नासपती आणि सफरचंद या दोन्हींना पेरूइतकाच वेळ लागतो. सफरचंद टणक जातीचे घ्यावे. अननसाच्या चकत्यांना मिऱ्याचे चार दाणे छान लागतात. ताजे अंजीर पाच मिनिटांतच होते. सुके जर्दाळू रात्रभर भिजवून त्याच पाण्यात मंद शिजवले की हैदराबादकडचा 'खुबानी का मीठा' होतो. बिदर-कलबुर्गीकडे सोयरीक असणाऱ्यांनी तो लग्नात खाल्लाच असेल. चिकू आणि पिकलेला आंबा यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. ती फळे आधीच मऊ असतात. त्यांची सीकरणे करावी आणि आपण तिला शिकरण म्हणावे.

अत्तींची कवळी मार्चमध्ये आली. आता त्या भाकरीही खातात. पेरूच्या बिया मात्र कवळीखाली जातात आणि टोचतात, त्यामुळे कच्चा पेरू परत आला नाही. यंदा थंडी सुरू झाल्यावर त्यांनी स्वतःच सहा पेरू वास घेऊन निवडून आणले आणि ओट्यावर ठेवले. मी कॉलेजातून येईपर्यंत सोलूनही झाले होते, सुरीने. पातेल्याखालची आच मी जरा वाढवायला गेले, तर मागून आवाज आला, "सावकाश."

हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. कोणत्या भाषेत म्हणाल्या, ते मी विचारले नाही.